बेअरिंग गेलं म्हणून जुनं रंधा मशीन भंगारात घालू नका

सोलापुरात लाकडाच्या वखारीत, मागाचं सामान बनवणाऱ्या सुतारांकडं अजून जुनी मशीनं सापडतात, बीडाचा (म्हणजे ओतीव लोखंडाचा) बँडसॉ, रंधा मशीन, फळीची जाडी सारखी करणारा थिकनेसर, आणि बहुतेक ती शेवटी किलोवर जातात हे बघून खरंच जीव तुटतो. इथं 1877 ला जुनी गिरणी सुरू झाली, पुढं बाकीच्या गिरण्या आल्या, घरोघरी हातमाग होते, धोटे झिजायचे, मागाच्या लाकडी चौकटी ढिल्या व्हायच्या, म्हणजे सुताराला काम कायमच. मशीन का विकताय विचारलं की उत्तर ठरलेलं, बेअरिंग गेलंय आणि पार्ट मिळत नाही. पण त्या बेअरिंगचा पार्ट कधी दुकानात मिळायचाच नव्हता, ते जागेवर ओतायचं असतं.

अशा जुन्या मशीनमध्ये बहुतेकदा बॉल बेअरिंग नसतं. बीडाच्या दोन अर्ध्या खोबणी, त्यात चांदीसारखा दिसणारा एक मऊ धातू ओतलेला आणि त्यात शाफ्ट फिरतो, बस. आपल्याकडं वर्कशॉपमध्ये ह्याला व्हाइट मेटल म्हणतात, पुस्तकात बॅबिट, कारण अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये हे काढलं. चांगल्या प्रतीच्या मेटलमध्ये जवळपास 89 टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. आता लोखंडी शाफ्ट इतका कडक आणि त्याच्याखाली चाकूनं सहज ओरखडा पडेल असा धातू का ठेवायचा, असं कुणालाही वाटेल. पण तो मऊ आहे म्हणूनच शाफ्ट वाचतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मऊ कथलात कथील-अँटिमनीचे कडक चौकोनी स्फटिक विखुरलेले दिसतात, कडक स्फटिक भार घेतात आणि मऊ भाग दबून शाफ्टच्या आकाराला बसतो. भुसा, धूळ, वाळूचा कण आत गेला (आणि आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ जाणारच) तर तो ह्या मऊ भागात रुतून बसतो, शाफ्टला चिरत नाही. तेल संपलं तर साधारण 240 अंशाच्या आसपास मेटल वितळायला लागतं, शाफ्ट बहुतेक वेळा वाचतो. म्हणजे महाग वस्तू राहावी म्हणून स्वस्त वस्तू झिजवायची, हे बनवणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलंय.

आणि मशीन नीट चालू असलं की शाफ्ट मेटलला जवळजवळ टेकतच नाही. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, तेल घालायला त्यानं वरून भोक पाडलं तर चालू मशीनमध्ये त्यातून तेल उलटं वर यायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते बाहेर आलं, लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली, मग प्रेशर गेज लावला तर काटा 200 पौंडांच्या पुढं गेला, बेअरिंगवर सरासरी भार मात्र चौरस इंचाला 100 पौंडच होता! फिरणारा शाफ्ट तेलाला स्वतःबरोबर ओढत अरुंद जागेत घुसवतो, तिथं दाब तयार होतो आणि शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर उचलला जातो. ह्याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये मांडलं. म्हणून झीज मुख्यतः मशीन सुरू करताना आणि बंद करताना होते, त्यावेळी वेग कमी असतो आणि थर बनलेला नसतो. तेलाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून ठेवायची सवय पण ह्याच कारणासाठी सोडा, ग्रीस तेलासारखं वाहत नाही आणि भुसा धरून ठेवतं.

ओतायचं काम बघण्यासारखं असतं. जुनं मेटल काढून खोबण पूर्ण साफ करायची, तेलाचा डाग राहू द्यायचा नाही. शाफ्टवर दिव्याची काजळी धरायची म्हणजे नवं मेटल त्याला चिकटत नाही, मग शाफ्ट लेव्हलमध्ये आणि काटकोनात बसवायचा, हे बसवणं म्हणजेच निम्मं काम, इथं घाई केली की मशीन आयुष्यभर वाकडं चालतं. कडेच्या फटी बंद करायच्या, खोबण आणि शाफ्ट दोन्ही तापवायचे, कारण थंड लोखंडावर मेटल पडलं की मधेच गोठतं. मेटल तयार झालं का बघायला लाकडाची बारीक काडी बुडवतात, काडी लगेच तपकिरी-काळी झाली पण पेटली नाही तर ठीक, पेटली तर जास्त तापलंय. ढवळून मग एका धारेत ओतायचं, मधे थांबलात तर जोड राहतो. ओलावा मात्र कुठंच नको, पाण्याचा एक थेंब वितळलेल्या मेटलखाली गेला की त्याची झटकन वाफ होऊन मेटल अंगावर उडतं, म्हणून चष्मा, हातमोजे, बूट, फुल बाह्या सगळं घाला आणि उघड्यावर करा, काही मेटलमध्ये शिसं पण असतं. नंतर शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा, जिथं डाग उठतो तिथं स्क्रेपरनं थोडं थोडं खरवडायचं. 50 मिलिमीटरच्या शाफ्टला साधारण 0.05 मिलिमीटर फट ठेवतात, ती दोन अर्ध्यांच्या मधे शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ पट्ट्या, घालून जमवतात.

बॉडीचं फार टेन्शन घेऊ नका. बीडात कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्यांसारखा पसरलेला असतो आणि ह्या पाकळ्या थरथर आतच जिरवून टाकतात, स्टीलच्या पट्टीवर हातोडी मारली तर ती टणटणते आणि बीडावर मारली तर ठक्क आवाज येऊन संपतो. म्हणूनच जड जुन्या रंध्यावर फळी गुळगुळीत निघते. गंज पण सोलापूरच्या कोरड्या हवेत कोकणापेक्षा कमी चढतो, जो चढतो तो बराचसा पावसाळ्यातला. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह भागाला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या पत्र्याला लावलं की गंज सैल होतो. पत्रा स्टेनलेसचा नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं तयार होतात. हायड्रोजन निघतो म्हणून दारं खिडक्या उघड्या ठेवा.

एका गोष्टीत मात्र जुनं आहे तसं ठेवायचा हट्ट मी धरणार नाही. जुन्या रंध्यात पाती बसवलेलं फिरतं हेड कधीकधी चौकोनी असतं, चौकोन फिरताना टेबलाच्या कडेशी मोठी फट उघडते आणि बोट त्यात खोल ओढलं जातं, अशा हेडनी कितीतरी सुतारांची बोटं नेलीत. मशीन कितीही सुंदर असलं तरी हेड गोल बसवून घ्या, पट्ट्याला आणि पात्यांना गार्ड लावा, मगच लाकूड चढवा.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा लोड न देता चालवा, तेल थेंब थेंब पडतंय ना बघा आणि मधून मधून बेअरिंगच्या कॅपवर, म्हणजे वरच्या अर्ध्यावर, हात ठेवा. कोमट लागलं तर चालू दे, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा, एखादी शिम वाढवा, परत निळा रंग लावून बघा कुठं घासतंय.