कडं टिकतं ते पाण्याच्या हिशेबावर

छाटणीनंतर बागेत पडलेल्या वेली, हिरव्या डहाळ्या, सुकी बोंडं आणि पाइनचे शंकू गोळा करून दारावर टांगायचं गोल कडं बांधणं हे तासाभराचं काम. ते किती दिवस टिकेल, हे मात्र त्यातल्या प्रत्येक तुकड्यातून पाणी कसं निघून जातं यावर ठरतं.

सांगाडा द्राक्षवेलीचा करावा, तोही वेल ताजी असतानाच. ओल्या लाकडात पेशींच्या भिंती मऊ असतात, म्हणून वेल वळते. गोल बांधून वाळवली की भिंतींमधले बंध त्याच आकारात पक्के होतात. वाळकी वेल वळवायला गेलात तर ती कडकन मोडते. आधी पाण्यात भिजवली, तर पुष्कळदा ऐकते.

पानं निवडताना जाड, चकचकीत पानांना हात घाला. फांदी कापली तरी पान लगेच मरत नाही. ते आपली रंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटून घेतं आणि मग पाणी फक्त मेणाच्या थरातून झिरपत राहतं. हा थर पाणी जितकं कमी सोडेल तितकं पान जास्त काळ हिरवं राहतं. शोभेसाठी पिकलं सफरचंद खोवायचा मोह आवरा. त्यातून सुटणारा एथिलीन वायू पानगळ घडवतो. पूर्वी रस्त्यांवरचे दिवे गॅसवर चालत. त्या गॅसच्या गळतीनं झाडं अकाली पानं गाळत, तेव्हा त्यामागे हाच वायू होता. वनस्पतींवर त्याचा परिणाम होतो, हे १९०१ मध्ये नेल्युबोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं दाखवलं.

सगळ्यात गमतीचा ऐवज म्हणजे पाइनचा शंकू. तो कधीच मेलेला असतो, तरी हलतो. त्याच्या प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. बाहेरच्या थरात सेल्युलोजचे, म्हणजे पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात त्या पदार्थाचे, बारीक धागे पेशींभोवती आडवे गुंडाळलेले, आतल्या थरात ते लांबीच्या दिशेनं. त्यामुळे ओल लागली की बाहेरचा थर लांबीला वाढतो, आतला जवळपास तसाच राहतो, आणि खवला आत वळून शंकू मिटतो. वाळताना उलट घडतं. झाडावर असताना हीच करामत बिया कोरड्या हवेत सोडते. खात्री करायची असेल तर उमललेला शंकू पाण्यात बुडवून ठेवा. काही वेळात तो घट्ट मिटलेला दिसेल.

म्हणूनच ओला शंकू तारेनं बांधू नये. वाळताना खवले फाकतात, तार सरकते आणि शंकू खाली लोंबतो. आधी तो उबदार जागी पूर्ण उमलू द्यावा आणि तार देठाजवळच्या खवल्यांच्या ओळीत आत दाबून पिळावी.