साइडलाइनवरचा कागद आणि हेल्मेटमधला आवाज

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचा कुठलाही सामना लावा. दर दोन-तीन मिनिटांनी कॅमेरा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोचवर जातो. कानाला हेडसेट असतो, हातात बारीक अक्षरांनी आणि रंगीत चौकोनांनी दोन्ही बाजूंनी भरलेला, लॅमिनेट केलेला मोठा कागद असतो. बोलताना तो कागद तोंडासमोर येतो, कारण समोरच्या संघाने ओठ वाचायला नकोत. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. आपल्याकडे फील्ड कर्णधार लावतो आणि कोच तेव्हा पॅव्हेलियनमध्ये बसलेला असतो. त्यामुळे हा खेळ पहिल्यांदा बघताना प्रश्न पडतोच, की खेळतंय नक्की कोण?

तो हेडसेट आणि तो कागद यांच्यामागे प्रामुख्याने दोन माणसं आहेत, पॉल ब्राउन आणि बिल वॉल्श. मोठा आणि नवी वाट पाडणारा कोच कशाने होतो, हे समजून घ्यायचं तर माझ्या मते या दोघांपासून सुरुवात करावी. त्यांच्याहून जास्त विजेतेपदं मिळवणारे कोच झाले. पण आज कोच जे काम करतो, त्या कामाचा साचा या दोघांनी घडवला, आणि दोघांनीही तो शिक्षकाच्या नजरेतून घडवला.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू पुढच्या दिशेने फेकणं, म्हणजे फॉरवर्ड पास, १९०६ मध्ये नियमात बसला. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. कोचचं सगळं राज्य या थांबण्यात आहे.

पण ते राज्य पहिल्यापासून त्याचं नव्हतं. बाकावरून सूचना द्यायला व्यावसायिक लीगने १९४४ मध्ये परवानगी दिली. त्याआधी पुढची चाल मैदानावरचे खेळाडूच ठरवायचे, बहुतेक वेळा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू. कोचने आठवडाभर सराव घ्यायचा आणि सामन्याच्या दिवशी बघत बसायचं. पॉल ब्राउनना हे पटणं शक्यच नव्हतं.

ब्राउन ओहायो राज्यातले. मॅसिलन या पोलादाच्या गावातल्या शाळेत त्यांनी १९३२ ते १९४० अशी नऊ वर्षं संघ सांभाळला. ८० विजय, ८ पराभव आणि २ बरोबरीत सुटलेले सामने, असा त्यांचा हिशेब. शाळेतली सवय त्यांनी पुढे व्यावसायिक संघातही सोडली नाही. क्लीव्हलंडमध्ये १९४६ मध्ये नवा संघ उभा राहिला, तोही त्यांच्याच नावाचा, क्लीव्हलंड ब्राउन्स. तिथे प्रत्येक खेळाडूला वही मिळायची. प्रत्येक चाल त्या वहीत स्वतःच्या हाताने काढायची, तिच्यात आपलं काम काय ते लिहायचं, आणि मग परीक्षा. युद्धावरून परतलेली, तगडी, लग्न झालेली माणसं बाकांवर बसून वह्या भरत होती. सामन्याच्या फिल्म लावून प्रत्येकाच्या प्रत्येक चालीला गुण दिले जात. आज सगळीकडे खेळाडूचा वेग ४० यार्डांच्या धावेवर मोजतात, त्याची मुळंही ब्राउन यांच्याकडेच आहेत. किक साधारण तेवढी दूर जाते, मग तिच्यामागे धावणाऱ्याचा वेग तेवढ्याच अंतरावर मोजावा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्याच १९४६ साली त्यांनी मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतलं. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये उतरला तो त्यानंतरच्या वर्षी. ब्राउन यांनी याबद्दल भाषणं केली नाहीत. चांगले खेळाडू हवेत आणि हे चांगले आहेत, एवढ्यावर ते ठाम राहिले. मायामीतल्या सामन्याला मात्र या दोघांना घरी ठेवून संघ गेला, तेव्हाच्या फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळणं मान्यच नव्हतं. हेही त्याच इतिहासात आहे, ते गाळून ब्राउन यांचं कौतुक करू नये.

ब्राउन्स ज्या लीगमध्ये होते तिची चारही विजेतेपदं, १९४६ ते १९४९, त्यांनीच जिंकली. लीग बंद पडली आणि १९५० मध्ये ते एनएफएलमध्ये आले. पहिलाच सामना फिलाडेल्फिया ईगल्सशी, जे सलग दोन वर्षं विजेते होते. ७१ हजारांहून जास्त प्रेक्षक नवख्यांची जिरलेली बघायला जमले होते. ब्राउन्स ३५-१० ने जिंकले. हे नुसते पास फेकतात, अशी टीका त्यावर झाली. डिसेंबरमध्ये पुन्हा ईगल्स समोर आले तेव्हा ब्राउन्सनी अख्ख्या सामन्यात नोंदीवर एकही पास न फेकता १३-७ असा विजय मिळवला. हा सामना मला फार आवडतो. आपल्याला काय येतं आणि काय नाही, यावर दुसऱ्याचं मत चालणार नाही, हे असंही सांगता येतं.

आता तो हेडसेट. ब्राउन दर चालीला एक गार्ड, म्हणजे पुढच्या फळीत क्वार्टरबॅकला आडोसा देणारा खेळाडू, बाहेर बोलवायचे आणि दुसरा आत पाठवायचे. आत जाणारा धावत जाऊन कोचची चाल क्वार्टरबॅकला सांगायचा. अशा निरोप्या गार्डांपैकी एक चक नोल. पुढे त्यानेच पिट्सबर्गचा कोच म्हणून चार सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या विजेतेपदाचे अंतिम सामने, जिंकले. सामनाभर कोचचं डोकं कसं चालतं ते कानाने टिपणं, याहून चांगली शिकवणी कुठली? १९५६ मध्ये ब्राउन यांनी निरोप्याचीही गरज संपवायची ठरवली. ओहायोतल्या दोन संशोधकांनी बनवलेला छोटा रेडिओ क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये बसवला. बाकीच्या संघांना सुगावा लागला, बोंब झाली, आणि काही आठवड्यांत लीगचे कमिशनर बर्ट बेल यांनी रेडिओवर बंदी घातली.

जानेवारी १९६३ मध्ये क्लीव्हलंडच्या मालकाने ब्राउन यांना काढून टाकलं. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांनी सिनसिनाटीत बेंगल्स हा नवा संघ उभा केला, आणि त्यांच्या सहायकांमध्ये होते बिल वॉल्श.

इथून पुढची गोष्ट एका खांद्याची आहे. १९६९ मध्ये बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा नवा क्वार्टरबॅक आला. उंच, देखणा, आणि हात असा की चेंडू लांबवर कुठेही टाकावा. तिसऱ्याच सामन्यात त्याचा खांदा दुखावला. दुखापत किती खोल आहे ते तेव्हा कळलं नाही, तो खेळत राहिला आणि कारकीर्दच गमावून बसला. त्यानंतर तो जेमतेम एका सामन्यात दिसला. १९७० मध्ये त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. त्याच्या हातात तो जोर नव्हता. पण नेम चांगला होता, पाय चपळ होते, आणि डोकं फारच तल्लख होतं. इतकं, की १९७१ मध्ये मैदानातली चेंडूची जागा आणि तिथून अपेक्षित गुण यांचं गणित मांडणारा त्याचा लेख ऑपरेशन्स रिसर्चच्या नियतकालिकात छापून आला. आज प्रत्येक संघात आकडेवारीवाले बसलेले असतात. त्यांच्या कामाच्या मुळाशी हा लेख आहे.

या हाताला जमेल असा खेळ वॉल्शना हवा होता. मैदान शंभर यार्ड लांब, म्हणून सगळे लांबीकडे बघत होते. वॉल्श रुंदीकडे बघू लागले. रुंदी ५३ यार्डांहून थोडी जास्त, ती बचावफळीला संपूर्ण झाकता येत नाही. मग चेंडू लांब फेकायचाच कशाला? पाच-सहा यार्डांवर, आडव्या धावणाऱ्या रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूच्या, अगदी छातीशी द्यायचा, धावता धावताच त्याने झेलायचा, आणि उरलेले यार्ड त्याच्या पायांनी कमवायचे. यासाठी पावलं मोजली गेली. क्वार्टरबॅक मागे तीन किंवा पाच पावलं जाणार, शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू हातातून सुटणार. रिसीव्हरने तेव्हा वळायलाही सुरुवात केलेली नसायची. समेवर यावं तसे चेंडू आणि रिसीव्हर एकाच क्षणी एका जागी पोहोचले पाहिजेत. पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि हे बघण्याचा क्रमही पावलांशी बांधलेला.

पहिल्या सातपैकी सहा सामने हरलेला तो संघ उरलेले सातही जिंकून गटविजेता झाला, तोही स्थापनेच्या तिसऱ्या वर्षी. या पद्धतीला पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ हे नाव चिकटलं, पण तिचा जन्म पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून फार दूर, ओहायो नदीकाठी झाला.

१९७५ च्या हंगामानंतर ब्राउन कोचिंगमधून निवृत्त झाले आणि आपली जागा त्यांनी वॉल्शना न देता दुसऱ्या सहायकाला दिली. वॉल्श दुखावले आणि निघून गेले. सॅन डिएगोत एक वर्ष आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन वर्षं काढून १९७९ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे मुख्य कोच झाले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. पहिल्या हंगामात २ विजय, १४ पराभव. तिसऱ्या हंगामाअखेर सुपर बोल.

त्यांना काळाचीही साथ मिळाली. रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यावर १९७८ च्या नियमाने बंदी आली होती. नियम सगळ्यांसाठीच बदलला होता, पण त्याचा पुरेपूर फायदा घेणारी पद्धत वॉल्शकडे तयार होती.

कागद आला तो असा. सिनसिनाटीत ब्राउन त्यांना सामन्याआधी विचारायचे, सुरुवात कशाने करणार? त्या प्रश्नातून चार-सहा चाली आधीच लिहून ठेवायची सवय लागली, आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ती यादी पंचवीसवर गेली. यामागे वॉल्श यांना स्वतःबद्दल असलेली समज होती. साठ हजार लोक ओरडत असताना माणूस नीट विचार करू शकत नाही. म्हणून विचार शांत खोलीत, सामन्याच्या एक-दोन दिवस आधी करून ठेवायचा. पावसासाठी वेगळी चाल, मागे पडलो तर वेगळी. खेळाडूंनाही यादी आदल्या रात्री मिळायची, झोपताना पहिली चाल माहीत असायची.

१० जानेवारी १९८२. डॅलसविरुद्ध शेवटचं मिनिट, फोर्टीनाइनर्स सहा गुणांनी मागे. क्वार्टरबॅक जो मोन्टाना उजवीकडे धावतोय, अंगावर तिघे येताहेत, आणि तो चेंडू एंडझोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्याच्या, मागच्या रेषेजवळ उंच फेकतो. रिसीव्हर ड्वाइट क्लार्क हवेत झेपावून बोटांच्या टोकांवर तो झेलतो. २८-२७. सगळ्यांना तो चमत्कार वाटला. पण हीच चाल त्याच सामन्यात आधी एकदा टचडाउन, म्हणजे एंडझोनमध्ये चेंडू नेल्याचे सहा गुण, देऊन गेली होती, आणि क्लार्ककडे असा उंच पास टाकण्याचा सराव वॉल्शनी करून घेतला होता. संघ कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या १९७९ च्या निवडीत मोन्टानाच्या आधी ८१ जण निवडले गेले होते, त्याचा हात कमकुवत म्हणून. क्लार्क तर दहाव्या फेरीतला. वॉल्श त्याच्या कॉलेजात दुसऱ्याच एका क्वार्टरबॅकला बघायला गेले होते, क्लार्क नुसता चेंडू झेलायला आला होता. वॉल्शनी झेलणाऱ्यालाही बघितलं.

१९८७ मध्ये त्यांनी अल्पसंख्याक समाजांतल्या कोचना आपल्या शिबिरात शिकायला बोलावणं सुरू केलं. लीगमध्ये तेव्हा एकही कृष्णवर्णीय मुख्य कोच नव्हता. त्यांची शिकवणी पुढे ग्रीन बेचे माइक होल्मग्रेन आणि त्यांच्याकडून कॅन्सस सिटीचे अँडी रीड यांच्यापर्यंत गेली. सुरुवातीला सांगितलेला तो कागद टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो रीड यांच्याच हातात.

वॉल्शच्या तीनपैकी दोन सुपर बोल फायनल बेंगल्सविरुद्ध होत्या. दोन्ही वेळा पलीकडच्या संघाची सूत्रं, कोच म्हणून नाही तर व्यवस्थापक म्हणून, पॉल ब्राउन यांच्याकडे होती. दुसऱ्या वेळी, जानेवारी १९८९ मध्ये मायामीत, शेवटच्या तीन मिनिटांत ९२ यार्ड चालून फोर्टीनाइनर्स २०-१६ ने जिंकले आणि वॉल्श निवृत्त झाले. ब्राउन १९९१ मध्ये गेले. हेल्मेटमधल्या रेडिओवरची बंदी लीगने १९९४ मध्ये उठवली. आता प्रत्येक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटवर मागे एक हिरवा ठिपका असतो. त्याच्या कानात कोचचा आवाज येत असतो, आणि पुढची चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो.