जुन्या मोटरहोमचं छत : ओळख आणि नव्याने सील करणं

मोटरहोम म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची, संडास-बाथरूमची सगळी सोय असलेली मोठी गाडी. अमेरिकेत तिला आरव्ही म्हणतात आणि तिथल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात. जुनी गाडी घेताना लोक इंजिन, टायर, किलोमीटर बघतात, पण गाडी खरी भंगारात जाते ती बरेचदा छतातून झिरपणाऱ्या पाण्याने, कारण छताखाली पातळ प्लायवूड किंवा लाकडी भुशाच्या फळ्या असतात आणि त्या एकदा भिजल्या की आतून गपचूप कुजत जातात.

छताची मोठी शीट स्वतःहून सहसा गळत नाही. गळतात ती भोकं आणि सांधे. व्हेंट (हवा खेळण्याचं झडपेचं भोक), स्कायलाइट, फ्रिजची चिमणी, सांडपाण्याच्या टाकीतून वर येणारा पाइप, अँटेना, सोलरचे पाय, पुढच्या-मागच्या टोकाचा जोड आणि दोन्ही कडांची स्क्रूवाली पट्टी, या प्रत्येक ठिकाणी सीलंट (फट बुजवणारा चिकट माल) लावलेलं असतं आणि उन्हाने ते कडक होऊन त्याला चिरा जातात. आपल्याकडे गच्चीला वॉटरप्रूफिंग करतात ती गच्ची जागची हलत नाही, ही गाडी मात्र प्रत्येक खड्ड्यात पिळवटते, म्हणून इथला माल वर्षानुवर्षं लवचिक राहणारा लागतो.

पण सीलंटची ट्यूब विकत घ्यायच्या आधी छत कशाचं आहे ते कळायलाच हवं, ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि नुकसान तिथेच होतं. मुख्य प्रकार चार. जुन्या गाड्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा सापडतो, ठोकला की टणटण वाजतो आणि चुंबक चिकटत नाही, एअरस्ट्रीम कंपनीच्या गाड्यांचं रिव्हेट मारलेलं छत त्यातलंच. फायबरग्लास कडक, गुळगुळीत असतं, विनेबॅगो कंपनीच्या बऱ्याच गाड्यांवर हेच आहे, म्हातारपणी त्यावर बारीक केसासारख्या भेगा दिसतात. उरलेले दोन म्हणजे ईपीडीएम (कृत्रिम रबराची शीट) आणि टीपीओ (प्लास्टिकच्या जातीची शीट), लोक दोघांनाही सरसकट रबर म्हणतात आणि वरून दोन्ही पांढरीच दिसतात. ईपीडीएम मऊ, मॅट असतं आणि जुनं झालं की हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागते, टीपीओ जरा चकचकीत, प्लास्टिकसारखं. एकट्या भुकटीवर मात्र भिस्त ठेवू नये, आधीच्या मालकाने वरून कोटिंग मारलं असेल तर ती खूण फसवते. खात्रीची युक्ती म्हणजे आतून व्हेंटची चौकट काढून शीटची कापलेली कड बघायची, मागची बाजू काळी असेल तर ईपीडीएम, राखाडी किंवा फिकट असेल तर बहुधा टीपीओ.

मग ओल शोधायची. कोपरे आणि कपाटांच्या आतली बाजू बोटाने दाबून बघायची, ओल मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच. डाग दिसला म्हणजे भोक बरोब्बर त्याच्या वर असं धरू नये, पाणी आतल्या आत फळीवरून बरंच लांब वाहत जातं. वर्कशॉपमध्ये एक छान टेस्ट करतात, व्हेंटमधून पंख्याने आत हवा भरतात आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारतात, जिथे बुडबुडे तिथे गळती. छतावर चालताना पाय दबत असेल तर लाकूड गेलंय, त्यावर सील मारणं म्हणजे ओल आत कोंडणं, आधी ते उघडून सुकवून फळी बदलायचीच.

सील करताना सुटलेलं, तडकलेलं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, घट्ट बसलेला त्याच प्रकारचा जुना थर राहिला तर चालतो. सिलिकॉन मात्र पूर्ण काढायला लागतं कारण त्याच्यावर पुढे काहीच धड चिकटत नाही, आणि तरी हार्डवेअरच्या दुकानातून तेच आणून फासलेली छतं ढिगाने सापडतात. ईपीडीएमवर पेट्रोल-रॉकेलच्या जातीचं सॉल्व्हंट वापरू नये, रबर फुगतं. व्हेंट उपटलाच असेल तर त्याच्या कडेखालची ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) नवीन घालायची, खरा अडथळा तीच असते, वरचं सीलंट ही दुसरी भिंत. आडव्या भागावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट, डायकोर कंपनीचं फार चालतं, प्रत्येक स्क्रूचं डोकं झाकेल असं, आणि उभ्या कडांवर न ओघळणारा प्रकार, नाहीतर सगळं खिडकीवर उतरतं. लांब सांध्यांवर बरेच जण एटर्नाबाँडसारखी टेप लावतात, ती पक्की आहे पण एकदा चिकटली की काढणं महाकठीण, म्हणून पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि टेप सरळ हवी. टीपीओ असेल तर माल त्याला चालतो का हे डब्यावर वाचायचं. थंडीत, म्हणजे ५ अंशांच्या खाली, हे काम करू नये. पूर्ण छताचं कोटिंग करायचंच असेल तर ते सांधे नीट झाल्यावर, गळतीवर थेट रंग ओतून ती थांबत नाही.

छतावरच्या एसीची गोष्ट वेगळी. तो साधारण १४ इंची चौकोनी भोकावर फोमच्या गॅस्केटवर (पाणी अडवणाऱ्या गादीवर) बसतो आणि आतून बोल्टने खाली ओढलेला असतो, गळला तर आधी बोल्ट बेताने आवळून बघायचे, नाही जमलं तर गॅस्केट बदलायचं. त्याच्याभोवती सीलंटचा बांध घालू नये, एसीचं स्वतःचं पाणी त्याच वाटेने बाहेर जातं आणि बांध घातला की ते उलटं आत यायला लागतं.