दुसरा बाण

नैराश्यावर औषधे घेणाऱ्याला ‘गोळ्या बंद कर आणि आळत्याला दहा दिवस बसून ये’ असे सांगणारा हितचिंतक कोल्हापुरात भेटतोच. हातकणंगले तालुक्यातील आळते येथे विपश्यना केंद्र आहे आणि सांगणाऱ्याची तळमळही खरी असते. परंतु बौद्ध साधना नैराश्यात नेमकी कोठे उपयोगी पडते हे पाहिले, तर या सल्ल्याचा क्रमच उलटा असल्याचे दिसते.

संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण शरीराला होणाऱ्या दुःखाचा. दुसरा, त्या दुःखावर मन जो आक्रोश करते त्याचा. जॉन टीस्डेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडलेली यंत्रणा या दुसऱ्या बाणाचीच म्हणावी लागेल. आजारपणात उदासी आणि ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार वारंवार एकत्र आल्याने त्यांची गाठ पक्की बसते. पुढे माणूस बरा झाल्यावरही, झडीच्या एखाद्या कुंद दुपारी आलेली साधी उदासी त्या गाठीला ओढ देते. जुने विचार जागे होतात, ते उदासी वाढवतात, आणि ‘मला असे का होते?’ याचा उलगडा करण्यासाठी तो जितका रवंथ करतो, तितके हे चक्र वेग घेते. सती, म्हणजे सजगता, चक्राला येथेच अडवते. छातीतील जडपणा केवळ जडपणा म्हणून आणि विचार केवळ विचार म्हणून पाहिला, की वेदना आणि तण्हा (म्हणजे तृष्णा) यांमधील कडी सैल होते. (पालीतील ‘वेदना’ म्हणजे दुखणे नव्हे; सुखद, दुःखद वा तटस्थ अशी कोणतीही संवेदना.)

टीस्डेल, सीगल आणि विल्यम्स यांनी यावर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रचला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांमध्ये ते उलटण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. दोनदाच आलेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. २०१५ च्या ४२४ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, औषध चालू ठेवणारे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कमी करत हा अभ्यास करणारे, असे दोन्ही गट जवळपास बरोबरीत राहिले.

दोन्ही चाचण्यांतील माणसे त्या वेळी सावरलेली होती. ऐन नैराश्यात रोज दहा तास मौनात बसल्यास रवंथालाच मोकळे रान मिळू शकते, म्हणूनच विपश्यना केंद्रे प्रवेशअर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात. ‘बाहेरचे’ समजून उतारा टाकणारे आणि पाच मिनिटांत मनःशांती विकणारी अ‍ॅप्स, दोघेही ही चौकशी करत नाहीत.