सायबर-थरार मालिका कुठून वाचायला घ्यावी? वाचनक्रमाच्या वादाची पार्श्वभूमी

वीस-पंचवीस वर्षं चाललेली, सायबर गुन्हेगारीवरची कादंबरीमालिका वाचायला घ्यायची ठरवली की आज तीन याद्या समोर येतात. एक पुस्तकं ज्या वर्षी छापली गेली त्यानुसार, दुसरी गोष्टीतल्या काळानुसार आणि तिसरी प्रकाशकाने मुखपृष्ठावर टाकलेल्या क्रमांकानुसार. पहिल्या चार-पाच पुस्तकांपर्यंत या तिन्ही याद्या सहसा एकच असतात. पुढे लेखक नायकाच्या तरुणपणात डोकावतो, मध्ये लघुकादंबऱ्या येतात, जुन्या पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या निघतात आणि याद्यांची ताटातूट होते.

हा वाद सायबर कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीचा. लंडनच्या त्या प्रसिद्ध गुप्तहेराला त्याच्या लेखकाने १८९३ मध्ये मारलं, १९०१ मध्ये त्या मृत्यूच्या आधी घडणारी कादंबरी क्रमशः सुरू केली आणि १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणलं. १९५० ते १९५६ या काळात आलेल्या सात पुस्तकांच्या एका इंग्रजी बालमालिकेत त्या अद्भुत जगाच्या जन्माची कथा सहावी छापली गेली. १९५७ मध्ये एका लहान वाचकाला उत्तर देताना लेखकाने कथाकालाच्या क्रमाला कौल दिला, पण कोणत्या क्रमाने वाचता याने फारसा फरक पडत नसावा, असंही पुढे लिहिलं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आवृत्त्यांवर ते सहावं पुस्तक ‘पुस्तक १’ झालं. पत्रातला कौल तेवढा पुढे आला, त्याची पुस्ती मागे पडली. पूर्वकथेला पहिला क्रमांक देण्याची सवय प्रकाशन व्यवसायाला लागली, तिच्यामागे या उदाहरणाचं वजन मोठं आहे.

टेक्नो-थ्रिलरचा, म्हणजे तंत्रज्ञानावर उभ्या थरारकथेचा, आजचा साचा १९८४ मध्ये आलेल्या एका पाणबुडीच्या कादंबरीने घट्ट केला. त्या मालिकेतही क्रम लवकरच विसकटला. १९८७ मधलं पुस्तक पहिल्या कादंबरीच्या आधी घडतं, १९९३ मधलं व्हिएतनाम युद्धाच्या काळात जातं आणि २००२ मधलं पुन्हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला येतं. कथाकालाने वाचायचं म्हटलं तर सुरुवात १९९३च्या पुस्तकापासून करावी लागते. तिथे ते निभावून जातं, कारण पाणबुडी, सोनार, क्षेपणास्त्र या गोष्टी दशकानुदशकं वापरात राहतात. दहा वर्षांनी लिहिलेल्या पूर्वकथेतलं शस्त्र मूळ कादंबरीतल्या शस्त्राला खोटं पाडत नाही.

संगणकाच्या गुन्ह्याचं तसं नाही. तिथे दोन-तीन वर्षांत सगळा डाव बदलतो, आणि सायबर मालिकांचा प्रश्न वेगळा होतो तो इथे. जाळ्यातून स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमची कल्पना १९७५ मधल्या एका विज्ञानकादंबरीत होती. प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरूनच आपल्या प्रोग्रॅमला ‘वर्म’ म्हटलं आणि २ नोव्हेंबर १९८८ रोजी तसाच एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० संगणक त्याने अडवले. त्यानंतर लिहिलेल्या कादंबऱ्यांत वर्म आला तर वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. आधीच्या पुस्तकांत त्यासाठी अख्खं प्रकरण खर्ची पडायचं.

१९९०च्या दशकातल्या पुस्तकांचं जग मोडेम, फ्लॉपी आणि टेलिफोनच्या तारेचं. ५६ बिटची की (किल्ली) असलेलं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारी सांकेतिक पद्धत, १९७७ पासून अमेरिकेचं सरकारी मानक होतं. जुलै १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात बांधलेल्या एका यंत्राने ते ५६ तासांत फोडून दाखवलं. त्यामुळे १९९६ मध्ये लिहिलेल्या कादंबरीत नायक त्या कुलपासमोर हात टेकतो तेव्हा ते खरं वाटतं, आणि १९९९ च्या कादंबरीत तोच प्रसंग वाचकाला खटकतो. २००१ मध्ये पहिल्या वाय-फायच्या सुरक्षेचीही तीच गत झाली. वायरलेस जाळ्याशेजारी गाडी उभी करून आत शिरणारा खलनायक कादंबऱ्यांत त्याच सुमाराला येऊ लागतो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पैशाचा मार्ग, कारण कथानकाची घडणच त्याने बदलली. १९८९ मध्ये टपालाने सुमारे २०,००० फ्लॉपी पाठवून पहिलं रॅन्समवेअर, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, पसरवलं गेलं. खंडणी होती १८९ डॉलर आणि ती पनामातल्या एका पोस्टबॉक्सवर पाठवायची होती. म्हणजे पैसे घ्यायला गुन्हेगाराला एक पत्ता द्यावाच लागायचा. १९९० आणि २०००च्या दशकांतल्या कितीतरी थरारकथांचा शेवट याच दुव्यावर उभा आहे: खलनायक जाळ्यावर अदृश्य असतो, पण पैसे उचलताना सापडतो. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन हे नाव-पत्ता न देता घेता येणारं डिजिटल चलन सुरू झालं आणि हा शेवट लेखकांच्या हातून जवळजवळ निसटला. २०१३ नंतरच्या खंडांत शोध पैशाच्या पिशवीकडून व्यवहारांच्या साखळीकडे वळतो. मालिका प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्याला हे वळण डोळ्यांसमोर घडताना दिसतं. कथाकालाने वाचणाऱ्याला ते गोंधळासारखं दिसतं, कारण २०१६ मध्ये लिहिलेली १९९५ ची गोष्ट त्याने आधी वाचलेली असते आणि तिच्यातला गुन्हेगार पैशाबाबत विलक्षण सावध असतो.

जून २०१० मध्ये युरेनियम समृद्ध करणाऱ्या इराणच्या सेंट्रिफ्यूज यंत्रांवर नेम धरलेला प्रोग्रॅम उघडकीस आला आणि ‘इंटरनेटला न जोडलेलं यंत्र सुरक्षित असतं’ हा विश्वास कादंबऱ्यांतूनही गेला. जून २०१३ मधल्या अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दलच्या गौप्यस्फोटांनी नायक आणि सरकार यांचं नातं बदललं. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये हॅकिंगमुळे सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. मे २०१७ मधल्या रॅन्समवेअरच्या लाटेला एका अनोळखी डोमेनची (वेबपत्त्याची) नोंदणी होताच लगाम बसला. कादंबरीत कुणी हा शेवट लिहिला असता तर संपादकाने तो फार सोपा म्हणून परत पाठवला असता, इतका तो साधा होता.

आता मुख्य वाद: पूर्वकथेला कोणता क्रमांक द्यायचा?

मालिका दहा-बारा पुस्तकांची झाली की लेखक आणि प्रकाशक दोघांनाही पूर्वकथा हवीशी वाटते. जुनं पहिलं पुस्तक मोडेमच्या काळातलं, नव्या वाचकाला ते जुनाट वाटेल अशी भीती असते. पूर्वकथा ताजी असते, दुकानात असते आणि तिची भाषाही आजची असते. तेव्हा तिला ‘पुस्तक १’ म्हणून समोर ठेवलं की नवे वाचक सहज आत येतील, हा हिशेब. त्यात तथ्य आहे. कथाकालाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा दुसरा मुद्दाही प्रामाणिक आहे: माणसाचं आयुष्य जसं घडलं तसं वाचावं, बारा खंडांनी त्याचं बालपण कळण्यात काय अर्थ?

पण सायबर थरारकथेचं रहस्य कुठे असतं ते पाहिलं पाहिजे. खुनाच्या कथेत मृतदेह असतो, जागा असते, संशयितांचे चेहरे असतात. इथे समोर असतं फक्त एक हँडल, म्हणजे जाळ्यावर घेतलेलं टोपणनाव. त्यामागे एक मुलगा आहे, टोळी आहे की एखादा देश, हेच शोधायचं असतं. खऱ्या तपासातही सर्वांत अवघड भाग तोच. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेच्या संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. त्या धाग्यावरून जर्मनीतल्या हानोव्हरमधल्या घुसखोरापर्यंत पोचायला महिनोन्‌महिने लागले. हा लांबलचक पाठलाग सायबर मालिकेचा कणा असतो. म्हणूनच हँडलमागचा माणूस पहिल्याच खंडात क्वचित उघड होतो. बऱ्याच मालिका ते तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापर्यंत ताणतात.

पूर्वकथा मात्र नेमकं हेच उघडं करते. नायक आणि त्याचा प्रतिस्पर्धी एकाच वसतिगृहात होते, एकाच बुलेटिन बोर्डवर (मोडेमने जोडायच्या संगणकी चर्चाफलकावर) शिकले, एकाने दुसऱ्याचा कोड चोरला, अशा गोष्टी तिच्यात येणारच, त्यासाठीच ती लिहिलेली असते. ज्याने हँडलचा उलगडा आधीच वाचला आहे, त्याच्यासाठी यातल्या प्रत्येक पानाला वजन येतं. दोघांच्या मैत्रीचा प्रसंग वाचताना पुढचा विश्वासघात त्याला ठाऊक असतो. ज्याने पूर्वकथेपासून सुरुवात केली, त्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही, शिवाय पुढच्या तीन खंडांचं रहस्य आधीच संपलेलं असतं. तो पहिली कादंबरी वाचतो तेव्हा गुन्हेगार कोण हे नायकाला माहीत नसतं, त्याला मात्र माहीत असतं. नायक त्याला मंद वाटू लागतो. चांगल्या लेखकाचा चांगला नायक केवळ एका आकड्यामुळे वाचकाच्या नजरेतून उतरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं नुकसान स्वभावाचं. २०१५ नंतर लिहिलेल्या पूर्वकथेत तरुण नायक सरकारी पाळतीबद्दल संशयी असतो, फोन बाजूला ठेवून बोलतो, कशावरही भरवसा ठेवत नाही. लेखक २०१३ नंतरचं जग पाहून लिहीत असतो, ते झिरपतंच. मग १९९८ मध्ये लिहिलेल्या पहिल्या कादंबरीत हाच माणूस, वयाने मोठा झाल्यावर, साध्या ई-मेलवरून गुपितं पाठवतो. छापील क्रमाने वाचलं तर तो काळाबरोबर शहाणा होत जातो. कथाकालाने वाचलं तर तो वर्षागणिक बावळट होत गेलेला दिसतो.

मधला तोडगा म्हणून काही याद्यांत पूर्वकथेला ० हा क्रमांक मिळाला. हेतू चांगला होता, ‘हे मुख्य मालिकेबाहेरचं आहे’ असं सुचवायचं होतं. पण यादीत ० हा १ च्या वरच येतो आणि नवा वाचक तिथूनच सुरुवात करतो. ज्या पुस्तकात हँडल उघड होतं त्याच्या लगेच नंतर पूर्वकथेची जागा असावी. एखादीची छपाई त्याआधी झाली असेल तरी मी हीच जागा सुचवेन. प्रकाशनक्रमाला एवढा एकच अपवाद मला मान्य आहे.

०.५, १.५, २.५ असे अपूर्णांक या वादात नंतर शिरले. नोव्हेंबर २००७ मध्ये पहिलं किंडल हे ई-वाचनयंत्र आलं आणि शंभर पानांची गोष्ट स्वतंत्रपणे विकणं परवडू लागलं. छापील पुस्तकात इतक्या कमी पानांना कणाही धड येत नाही, पडद्यावर ती अडचण नव्हती. दोन खंडांच्या मधल्या वर्षात वाचक टिकून राहावा म्हणून लघुकादंबऱ्या निघू लागल्या आणि याद्या करणाऱ्यांनी त्यांना दशांश चिन्ह लावलं. अडचण अशी की १.५ म्हणजे नेमकं काय याचा निर्णय कुणीच घेतला नाही. कुठे ते छपाईचं वर्ष सांगतं, कुठे गोष्टीतला काळ. आठव्या खंडानंतर लिहिलेली, पण पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या मधल्या उन्हाळ्यात घडणारी लघुकादंबरी १.५ म्हणून नोंदली जाते आणि वाचक ती दुसऱ्या खंडाआधी उघडतो. तिच्यात एखाद्या पात्राच्या मृत्यूचा ओझरता उल्लेख असला की सहा खंडांवर पाणी पडतं. त्यात ई-वाचनयंत्रं एक पुस्तक संपताच मालिकेतलं पुढचं सुचवू लागली आणि ती सूचना याच आकड्यांवर चालते. पूर्वी क्रमांक मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात असायचा, वाचक तो मानायचा किंवा सोडून द्यायचा. आता तो आकडाच पुढचं पुस्तक उघडतो.

सुधारित आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. जुन्या खंडातला मोडेम काढून ब्रॉडबँड घालणं, पेजरच्या जागी स्मार्टफोन आणणं हे वरवर निरुपद्रवी दिसतं. पण फोनची लाइन गुंतल्यामुळे निरोप पोचला नाही यावर प्रकरण उभं असेल, तर ती लाइन काढल्यावर प्रकरणाला आधार उरत नाही. शिवाय दुसरा खंड जुनाच राहिला की त्यात पहिल्या खंडात आता नसलेल्या घटनांचे संदर्भ सापडतात. ई-बुकमध्ये मजकूर बदलला तरी मुखपृष्ठ तेच राहू शकतं, त्यामुळे आपण कोणती आवृत्ती वाचतोय हे हक्कपानावर पाहूनच घ्यावं. मिळत असेल तर पहिली आवृत्ती घ्यावी. तिच्यातलं जुनं तंत्रज्ञान त्या काळच्या गुन्ह्याची नोंद आहे.

मूळ लेखकाच्या मृत्यूनंतर चालू राहिलेल्या मालिकांनी या क्रमात आणखी एक जोड दिली. हॅकर तरुणीभोवती फिरणाऱ्या एका स्वीडिश मालिकेचे पहिले तीन खंड २००५ ते २००७ मध्ये आले. लेखक २००४ मध्येच गेला होता. २०१५ पासून दुसऱ्या लेखकाने तीन आणि २०२२ पासून तिसऱ्या हाताने पुढचे खंड लिहिले. क्रमांक ४ पासून सलग चालू ठेवले गेले. चौथ्या खंडात अमेरिकी पाळत यंत्रणा थेट कथानकात आली, म्हणजे २०१३ नंतरचं जग त्या तरुणीच्या आयुष्यात शिरलं. पहिले तीन खंड हे एक सलग काम आहे आणि तिथे थांबणारा वाचक काही गमावत नाही, असं म्हणणारा मोठा गट आहे. सलग क्रमांकांमुळे ती सीमारेषा यादीत दिसत नाही. यादीत लेखक बदलला तिथे एक आडवी रेघ ओढावी, एवढीच त्या गटाची मागणी आहे, आणि ती रास्त आहे.