रान काढून जागा मोकळी करताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "जागा किती दिवसांत मोकळी होईल?" दिवस सांगता येतात, पण त्यावरून काम कसं झालं ते कळत नाही. जेसीबी लावला की दिसणारं रान भराभर आडवं होतं. मग पुढच्या पावसानंतर तिथेच गुडघाभर माजतं आणि लोक म्हणतात, पैसे पाण्यात गेले. खोटं नाही ते. या कामाचा निम्मा भाग जमिनीखाली असतो आणि उरलेल्यातला बराचसा, जागा मोकळी दिसायला लागल्यानंतरचा.

आधी पायी फेरी

काम ठरवण्याआधी आम्ही जागा चालून बघतो, शक्यतो तुमच्यासोबत. हद्दीचे दगड, जुनी काटेरी तार, जमिनीखालची केबल, पाण्याची पाइप, सेप्टिक टाकी कुठे आहे ते ठाऊक असेल तर दाखवा. ठाऊक नसेल तर तसं सांगा. अंदाजाने बोट दाखवू नका.

एका जागी वेलींनी झाकलेला, चांगला सपाट वाटणारा तुकडा होता. आमच्या माणसाच्या हातात बांबू होता, तो सहज टेकवत पुढे चालला होता. बांबू कोपरभर आत गेला आणि टोकाला काही लागलंच नाही. वेली ओढल्यावर खाली कठडा ढासळलेली जुनी विहीर निघाली. मशीन मागे दहा पावलांवर सुरू होतं. तेव्हापासून सगळ्या जागेवर बांबू फिरल्याशिवाय आम्ही मशीन गाडीवरून उतरवत नाही. तुम्हाला घाई असली तरी नाही.

याच फेरीत कोणती झाडं राहणार आणि कोणती जाणार ते ठरतं. रंगाचा पट्टा आम्ही जाणाऱ्या झाडाला मारतो. काही जण राहणाऱ्याला मारतात, पण त्यात एखादा पट्टा मारायचा राहिला तर चांगलं झाड हकनाक जातं. आमच्या पद्धतीत राहून गेलं तर झाड फक्त उभं राहतं, ते नंतरही काढता येतं. झाड तोडायला परवानगी लागते का, हे तुमच्या भागातल्या कार्यालयात आधी विचारून घ्या. लागत असेल तर कागद हातात आल्यावरच करवत सुरू होईल.

राहणाऱ्या झाडाच्या फांद्या जिथवर पसरल्या आहेत, निदान तेवढ्या घेरात मशीन जात नाही, मातीचा ढीगही पडत नाही. झाडाची बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटर मातीत असतात. वजनाने ती माती घट्ट बसली की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच वाळत नाही, वर्ष-दोन वर्षांनी वाळतं, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही.

कापलं म्हणजे गेलं असं नाही

घाणेरीचंच घ्या. कोयत्याने बुडाशी छाटली की एका खोडाच्या जागी धुमाऱ्यांचा झुपका उठतो. माती थोडी उकरली की खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे जाडसर गाठ लागते. फुटवे तिथूनच येतात. कुदळ त्या गाठीच्या खाली घालून ती उपटायची आणि मुळं वर करून वाळत टाकायची. वेडी बाभूळही अशीच चिवट, फक्त तिच्यासाठी जास्त खोल जावं लागतं. दोन्हींना माती थोडी ओली असताना हात घालावा, कोरड्या मातीत मूळ मध्येच तुटतं.

गाजरगवत फुलायच्या आत काढायचं. एक झाड हजारो बिया टाकतं. त्याच्या संपर्काने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, परागांनी दम्याचाही त्रास होऊ शकतो. म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा.

"सरळ औषध मारा ना" असंही सुचवलं जातं. सगळ्या जागेवर तणनाशक फवारायला आम्ही तयार नसतो. उपटता न येणारं खोड असेल तर कापल्यावर काही मिनिटांच्या आत त्या ताज्या कापावर ब्रशने लावतो. उशीर झाला तर ते आत शोषलं जात नाही. विहीर, ओढा जवळ असेल तर तेही नाही.

मशीन कुठे, हात कुठे

उतारावर आम्ही झुडपं कापतो, सगळी मुळं मात्र उपटत नाही. माती धरून ठेवणारं तिथे दुसरं काहीच नसतं. परत फुटलेलं पुन्हा कापावं लागलं तरी तेच परवडतं. ओढ्याकाठचा पट्टा तसाच सोडतो. जमीन ओली असताना जड मशीन आत घालत नाही.

बांधकाम जिथे होणार तिथला बुंधा मात्र मुळासकट निघायलाच हवा. तो आत कुजला की पोकळी होते, वरची जमीन खचते, शिवाय वाळवीला घर मिळतं. असं झाड तुम्ही आधीच तोडून घेणार असाल तर बुंधा कमरेइतका ठेवा. मशीनला तरफेसारखा धरता येतो आणि मुळं सहज सुटतात. जमिनीलगत कापलेला बुंधा काढायला भोवती खणत बसावं लागतं.

वरची वीतभर काळसर माती आधी खरवडून बाजूला ठेवायला सांगा. बाग करायची असेल तर तीच लागणार आहे.

काम एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूकडे नेतो, चारही बाजूंनी आत येत नाही. साप, मुंगूस, ससे यांना निघून जायला वाट लागते. ब्रश कटर, म्हणजे झुडपं कापायचं हातातलं यंत्र, खडे उडवतो, त्यामुळे 15 मीटरच्या आत कोणी नको, बघायला आलेली मुलं तर नकोतच.

निघालेल्या पाल्याचं काय करायचं

जाळत नाही. आग हाताबाहेर जाते, धूर शेजाऱ्यांकडे जातो, आणि जळलेल्या जागी घाणेरी पुन्हा जोमाने येते. जाड लाकूड तुमचं. बारीक फांद्यांचा भुगा करून झाडांभोवती चार बोटं थर द्यावा, खोडाला टेकवू नये. ताजा भुगा मातीत मिसळू नका. कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. बी धरलेलं तण यात घालत नाही.

दुसरी फेरी

मोकळ्या जमिनीवर ऊन पडलं की वर्षानुवर्षं सावलीत पडून राहिलेलं बी उगवतं. ओल मिळाल्यापासून पाच-सहा आठवड्यांत ते दिसायला लागतं, आणि तेव्हा ते हाताने निघतं. ही फेरी आम्ही दरपत्रकात वेगळी लिहितो. नको असेल तर खोडून टाका, पण मग त्या आठवड्यांत स्वतः एकदा खुरपं घेऊन फिरा. जागा लगेच वापरणार नसाल तर ताग किंवा धैंचा अशी हिरवळीच्या खताची पिकं दाट पेरून ठेवा, म्हणजे तणाला जागा राहत नाही.