खालची कवळी डबीतच का राहते?

आमच्या आत्याकडे फ्रिजवर एक गुलाबी प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात तिची खालची कवळी. वरची तोंडात, खालची डबीत, गेली तीन वर्षं हेच चाललंय. फोटो काढायचा असला की लावते, आणि जेवायला बसली की काढून ठेवते, म्हणजे ज्या कामासाठी केली नेमकं ते काम आलं की काढते. घरात सगळ्यांचं एकच, डॉक्टर बरोबर नव्हता. पण वरची कवळी पण त्याच डॉक्टरने केली ना, ती तर अशी बसलीय की आत्या तिच्यावर शेंगदाणे सोडून सगळं खाते. मग खालचीला काय झालं?

मी ह्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि कळलं की दोष अर्धा आत्याच्या हाडाचा आहे, थोडा लाळेचा, थोडा जिभेचा, आणि उरलेला कोणाकडे गेलो ह्याचा.

वरची कवळी चिकटते कशी ते आधी बघू. काचेचे दोन तुकडे ओले करून एकमेकांवर ठेवा आणि सरळ वर उचलून सुटे करायला बघा, नाही जमत. मधली पाण्याची पातळ फिल्म दोघांना धरून ठेवते. टाळू ही एक काच, कवळी ही दुसरी आणि मधे लाळ. फिल्म जितकी पातळ आणि जागा जितकी मोठी तितकी पकड घट्ट. शिवाय कडेला ओठ-गालाचं मऊ मांस असं टेकलेलं पाहिजे की हवा आत शिरणारच नाही. ही हवाबंद कड एका ठिकाणी जरी सुटली तरी जांभई दिली की कवळी खाली येते.

आता खालची. तिला टाळू नाही, तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा, आणि मधे जीभ, जी कधी गप्प बसत नाही. ढोबळ आकडे सांगायचे तर वरच्या कवळीला टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते आणि खालचीला जेमतेम १२. खरे दात असतात तेव्हा एका जबड्यातल्या सगळ्या मुळांभोवतीची पकड जवळपास ४५ चौरस सेंटिमीटर भरते, आणि ती सुद्धा हाडाच्या आत. म्हणजे कवळी हा खऱ्या दाताचा पर्याय वगैरे म्हणतात ते ठीक आहे, पण पूर्ण कवळीने चावायचा जोर खऱ्या दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्साच येतो, हे दात काढायच्या आधी कोणी सांगत नाही.

त्यात हाड झिजतं. दात काढला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हळूहळू परत घेतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, पण नंतरही थांबत नाही. १९७२ साली टालग्रेन नावाच्या संशोधिकेने कवळीवाल्या पेशंट्सचा २५ वर्षांचा मागोवा छापला, त्यात पुढच्या भागात खालचं हाड वरच्यापेक्षा जवळपास चौपट झिजलेलं दिसलं. म्हणजे जागा आधीच अर्धी, तीही चौपट वेगाने चाललेली. आत्याचे दात काढून १५ वर्षं झाली, त्यातली पहिली बारा वर्षं ती बोळकं घेऊनच सुखाने जगली, आणि मग कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने सेट करायला गेली. तोवर खाली हिरडीचा उंचवटा उरलाच नव्हता, सपाट मैदान!

इथे डॉक्टर कोणता हा प्रश्न येतो. आपल्याकडे बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी, ५ वर्षांची, शेवटचं वर्ष इंटर्नशिप धरून. कवळी त्यात शिकवतात, कॉलेजात प्रत्येक मुलगा-मुलगी स्वतःच्या हाताने सेट करून बघते, आणि कायद्याने बीडीएस डॉक्टर कोणतीही कवळी करू शकतो. त्यानंतर ज्याला ह्याच कामात जायचंय तो ३ वर्षांचं एमडीएस करतो. एमडीएसच्या ९ शाखांपैकी ही एक, प्रॉस्थोडॉन्टिक्स. नाव बोलायला जड म्हणून लोक 'कवळीवाले डॉक्टर' म्हणतात आणि ते पण चालवून घेतात. पाटीवर 'एमडीएस' एवढंच बघून जाऊ नका हं, वेड्यावाकड्या दातांना तारा लावणारेही एमडीएस असतात आणि लहान मुलांचे दात बघणारेही. कशात एमडीएस ते विचारायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग ती ३ वर्षं शिकतात काय? मला वाटायचं दात छान रचायला शिकत असतील. दात रचायचं बरंचसं काम तर लॅबमधला टेक्निशियन करतो. डॉक्टरचं खरं काम माप. साध्या क्लिनिकमधे घाई असली की ट्रेमधे मसाला भरतात, तोंडात दाबतात, तीन मिनिटं 'नाकाने श्वास घ्या काकू', झालं माप, पाठवा लॅबला. पण हे गप्प तोंडाचं माप झालं, आणि तोंड गप्प कुठे असतं. नीट करणारा डॉक्टर आधी त्या मापावरून खास त्याच पेशंटचा ट्रे बनवून घेतो, त्याच्या कडेला मेणासारख्या पदार्थाची एक काडी गरम करून लावतो आणि मऊ आहे तोवर पेशंटला ओठांचा चंबू करायला लावतो, हसायला लावतो, जीभ बाहेर काढ, डावीकडे ने, उजवीकडे ने, 'आ' म्हण. गाल-जीभ हलताना ती कड जिथे आपोआप दाबली जाते तिथेच कवळीची हद्द. 'आ' म्हटल्यावर मागे टाळूचा मऊ भाग हलतो, तो जिथून हलायला लागतो तिथेच वरची कवळी संपवायची, त्याच्या पलीकडे घशाकडे गेली तर उलटी येते आणि अलीकडेच संपली तर हवा शिरते. मिलिमीटरचा खेळ आहे सगळा.

मग उंची. निवांत बसलो असताना आपले वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेले नसतात, मधे २ ते ४ मिलिमीटर फट असते. कवळीने ती फट खाल्ली तर बोलताना खटखट आवाज येतो आणि संध्याकाळी जबडा दुखतो. उलट उंची कमी पडली तर हनुवटी नाकाकडे जाते, ओठांचे कोपरे दुमडून ओले राहतात आणि तिथे चिरा पडतात, मग माणूस व्हिटॅमिनच्या गोळ्या खात बसतो. दात मेणावर लावून बघतात त्या दिवशी डॉक्टर साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात ते टाइमपास म्हणून नाही, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सगळीकडे 'स' आहे, आणि 'स' ला दात अगदी जवळ येतात पण आपटत नाहीत. आपटले तर उंची चुकली.

लॅबमधे पुढे रसायनशास्त्र. गुलाबी ॲक्रिलिक म्हणजे पावडर आणि एक वासाचं द्रव, मोनोमर, ह्यांचं पीठ. गरम केलं की मोनोमरच्या रेणूंची साखळी होते आणि ते आकसतं, नुसतं मोनोमर असतं तर २१ टक्के आकसलं असतं, पावडर घातल्याने ते ७ टक्क्यांच्या आसपास राहतं. त्यात मोनोमर १०० अंशांच्या जरा वर उकळतं, म्हणून घाईने पाणी तापवलं तर जाड भागात बुडबुडे राहतात आणि त्या बारीक भोकांत नंतर बुरशी घर करते. (ॲक्रिलिक आलं १९३० च्या दशकात, त्याआधी कवळीला कडक रबर वापरायचे. त्या रबराच्या पेटंटची फी वसूल करायला डेंटिस्ट लोकांवर केसेस करत फिरणाऱ्या जोसाया बेकनला १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका डेंटिस्टनेच गोळी घातली. दातांचा इतिहास सपक आहे असं कोणी म्हणू नये.)

टेक्निशियनला एवढं येतं तर तो थेट कवळी का देत नाही, हा प्रश्न मला बाहेरदेशी राहणाऱ्या मावसभावाने विचारला. तिकडे देतात! कॅनडात डेंच्युरिस्ट नावाचा वेगळा परवानाधारक व्यवसाय आहे, तो स्वतः माप घेतो, स्वतः कवळी करून बसवतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाने हे १९५७ मधेच कायदेशीर केलं, अमेरिकेत ओरेगॉनच्या लोकांनी १९७८ ला मतदान करून. आपल्याकडे तसं नाही, १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने डेंटल मेकॅनिकची, म्हणजे लॅबमधल्या टेक्निशियनची, नोंदणी आणली, पण तोंडात हात घालायचा तो डॉक्टरनेच. त्यामुळे आई टोरंटोला मुलाकडे गेली आणि तिकडे कवळी केली तर ती करणारा डॉक्टर असेलच असं नाही, आणि त्यात काही फसवणूक नाही.

माझं मत विचाराल तर प्रत्येक वेळी स्पेशालिस्ट गाठायची गरज नाही. एक-दोन दातांचा ब्रिज, कॅप, उंच भरलेल्या हिरडीवरची पहिली कवळी, तुटलेली जोडून घेणं, ढिली झालेली आतून भरून घेणं, हे नेहमीचा डॉक्टर करतो आणि जो पाच वेळा बोलावतो तो घाईतल्या एमडीएसपेक्षा बरा. 'दोन सिटिंगमधे सेट देतो' म्हणाला की मात्र मी उठतो. पण हाड सपाट झालंय, हिरडी पुढून लिबलिबीत झालीय, दोन सेट होऊन दोन्ही डबीत गेलेत, गुटख्याने तोंडच दोन बोटं उघडतंय, तर सरळ प्रॉस्थोकडे.

आणि कॅन्सरनंतर तर तेच. वरचा जबडा काढला की तोंड आणि नाक एक होतं, पाणी प्यालं की नाकातून येतं, बोलणं कळत नाही. त्या भोकात बूच बसेल अशी कवळी हेच लोक करतात. २०२१ ला कोविडनंतर म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीने, आपल्याकडे कितीतरी लोकांचे वरचे जबडे गेले, तेव्हा त्यांना परत जेवायला-बोलायला लावण्यात ह्या शाखेचा मोठा वाटा होता. कृत्रिम कान-नाकसुद्धा हेच डॉक्टर करतात, हे मला हे सगळं वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

आत्याला शेवटी प्रॉस्थोकडे नेलं. त्यांनी पहिले हिरडीवर बोट फिरवलं, मग जुनी कवळी उलटी करून बघितली आणि म्हणाले कड आखूड आहे, पण लांब केली तरी फार फरक नाही पडणार, धरायला काही उरलंच नाहीये. खाली पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, घालू, त्यावर कवळी प्रेस बटणासारखी बसेल. हे त्यांच्या मनाचं नाही, २००२ मधे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी बसून हेच ठरवलं होतं की खालच्या बोळक्या जबड्याला पहिली पसंती दोन इम्प्लांटवरची कवळी असावी. टायटॅनियमला हाड चिकटतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्कने दाखवलं आणि १९६५ ला पहिल्या पेशंटला बसवलं, म्हणजे नवीन खूळ पण नाही.

आत्याने शांतपणे ऐकलं, खर्च विचारला, आणि म्हणाली विचार करते. घरी येताना रिक्षात म्हणाली, एवढ्या पैशात गच्चीची गळती निघते. सध्या गच्चीचं काम चालू आहे, शुगरचा रिपोर्ट आला की इम्प्लांटचं बघू असं ठरलंय, आणि गुलाबी डबी फ्रिजवरच आहे.